टिळ्याचा बॉल

“तोंडातून आकडा सोडून दुसरं काही बाहेर पडलं, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून,” रणवरे म्हणाला. “आकडा चुकला, तरी पहिल्यापासून. शिंक चालेल.”

मी मान हलवली.

“मान हलवलेली चालते का रे?” भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बेहेरेनं विचारलं.

रणवरेनं खरोखरच थोडा विचार केला. “चालेल,” तो म्हणाला. “पण कमी.”

जिमखान्याच्या मागच्या त्या खोलीत मी चुकून शिरलो होतो. सूचनाफलकावर ‘क्यू क्लब, वेळ चार ते सहा’ एवढंच लिहिलेलं होतं. हॉस्टेलच्या मेसपुढे तेव्हा पाऊण तास रांग लागायची. ही रांग लावणारी काहीतरी कमिटी असावी, आणि आत शिरल्यास आपला नंबर पुढे लागेल, एवढ्याच उदात्त हेतूनं मी बार्शीहून आलेला पोरगा तिथे गेलो. आत खोलीभर पसरलेलं एक हिरवं टेबल होतं. आठ पाय, प्रत्येक पाय पैलवानाच्या मांडीएवढा. कॉलेजचं गाव पूर्वी संस्थान होतं. राजवाड्यात सरकारी कचेरी आली तेव्हा महाराजांनी हे टेबल कॉलेजला दिलं. ते आत आणायला जिमखान्याची एक भिंत पाडावी लागली होती, आणि ती पुन्हा बांधताना दार जरा अरुंद झालं. म्हणजे टेबल आता कायमचं कॉलेजचं.

मी दारात उभा होतो तेव्हा एक उंच, सावळा मुलगा टेबलावर वाकलेला होता. हाच रणवरे, शेवटच्या वर्षाचा, क्लबचा सेक्रेटरी. त्यानं काठीनं पांढरा बॉल टोचला. टोला म्हणावा असं काही नव्हतंच. एखाद्या झोपलेल्या माणसाला खांद्याला हात लावून उठवावं तसं. पांढरा बॉल जाऊन तांबड्याला लागला. तांबडा सावकाश निघाला, कोपऱ्यातल्या जाळीच्या तोंडाशी येऊन थांबला, आता काय करावं असा विचार केल्यासारखा क्षणभर राहिला, आणि आत पडला. रणवरेनं वर पाहिलंसुद्धा नाही. तो पुढच्या जागी जाऊन उभा होता. बॉल पडणार हे त्याला बॉलच्या आधी कळलं होतं.

मेस, रांग, नंबर, सगळं माझ्या डोक्यातून गेलं. त्या दिवशी मी जेवलोच नाही, असं सांगायला बरं वाटेल. जेवलो. पण काय जेवलो ते आठवत नाही.

क्लबात आठ क्यू, म्हणजे खेळायच्या काठ्या होत्या, म्हणून आठ सभासद. कोणी पास होऊन गेला की त्याचा क्यू रिकामा व्हायचा. तो मिळवायचा तर आधी तीस दिवस मार्कर व्हायचं. म्हणजे टेबलापाशी उभं राहून प्रत्येक स्ट्रोकला त्या पाळीतले गुण मोजून मोठ्यानं सांगायचे, जाळीत गेलेले बॉल काढून द्यायचे, आणि खेळाडू हुकून त्याची पाळी संपली की दोघांचे एकूण गुण सांगून भिंतीवरच्या फळीवरचा पितळी काटा सरकवायचा. तीस दिवस एकही आकडा चुकला नाही, तर क्यू. रणवरे मार्चमध्ये जाणार होता. त्याचा पाचव्या खुंटीवरचा क्यू मला हवा होता. आयुष्यात मला त्याआधी इतकं काही हवंसं वाटलं नव्हतं, आणि नंतर वाटलं ते बहुतेक करून मिळाल्यावर फारसं हवं राहिलं नाही.

खेळ बिलियर्ड्सचा, म्हणजे बॉल तीनच. एक तांबडा आणि दोन पांढरे. प्रत्येक खेळाडूचा एक पांढरा. आपल्या बॉलनं बाकीचे दोन्ही बॉल शिवले की दोन गुण. तांबडा जाळीत घातला की तीन. आपला बॉल तांबड्याला आपटून स्वतःच जाळीत गेला, तरी तीन. याला इन-ऑफ म्हणतात. इतर कुठल्याही खेळात याला आत्मघात म्हणतील. इथे मार्कर तो बॉल अदबीनं काढून पुन्हा तुमच्या हातात देतो.

दोन पांढऱ्यांपैकी एकावर ओळखीसाठी काळा ठिपका होता. त्याला सगळे टिळा म्हणत. महाराजांच्या काळापासून घासून घासून तो टिळा मोहरीएवढा आणि राखेच्या रंगाचा उरला होता. उजेडात हातात धरून फिरवला तरच दिसायचा. रणवरेनं नव्या बॉलसाठी ऑफिसात रीतसर अर्ज केला होता : ‘बॉल, नग तीन’. चार महिन्यांनी तीन व्हॉलीबॉल आले. त्यानं ते पोचपावतीवर सही करून घेतले आणि खिडकीत मांडून ठेवले.

माझा पहिला प्रयत्न अकराव्या दिवशी बुडाला. एकोणसत्तर म्हणायच्या जागी मी एकोणसाठ म्हणालो.

“दहाचा फरक आहे,” रणवरे म्हणाला.

“एकोणचा घोळ आहे त्याचा,” मुल्ला म्हणाला. युनूस मुल्ला माझ्या वर एक वर्ष, मिरजेचा, रणवरेच्या खालोखाल खेळणारा आणि खोलीत एकटाच हसणारा. “सोड की मर्दा. आमच्या वर्गात मास्तर चुकतात.”

“मास्तर चुकले तर पोरं हसतात,” रणवरे म्हणाला. “मार्कर चुकला तर माणूस हरतो. उद्या पहिला दिवस.”

दुसऱ्यांदा एकोणिसाव्या दिवशी. मुल्लानं एक स्ट्रोक असा मारला की माझ्या तोंडातून ‘आयला’ निघून गेलं. हा आकडा नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

तिसऱ्या खेपेला मी एकोणतिसाव्या दिवसापर्यंत पोचलो. फेब्रुवारीचा शेवट होता. वार्षिक परीक्षेआधीचा शेवटचा आठवडा. रणवरे आणि मुल्ला दीडशे गुणांचा डाव खेळत होते. फळीवर रणवरे एकेचाळीस, मुल्ला त्रेसष्ट. मुल्लाचा स्ट्रोक हुकला आणि दोन्ही पांढरे बॉल खालच्या काठाशी एकमेकांना खेटून, जुळ्या भावांसारखे थांबले. रणवरे आला, खडू लावला, वाकला.

“दोन,” मी म्हणालो.

दुसऱ्या स्ट्रोकला त्याचा बॉल तांबड्याला लागून मधल्या जाळीत आला. “पाच,” असं म्हणत मी जाळीत हात घातला, बॉल काढला, आणि सवयीनं अंगठा फिरला. अंगठ्याखाली टिळा होता.

टिळ्याचा बॉल मुल्लाचा होता.

दुसऱ्याच्या बॉलनं खेळणं हा फाऊल. पाळी तिथेच संपते, त्या बॉलनं केलेले गुण रद्द, आणि समोरच्याला वर दोन गुण मिळतात. नियम मला पाठ होता. मार्करनं आकड्याशिवाय बोलायचं नाही, हा नियमही पाठ होता. रणवरेनं न बघता हात पुढे केला. त्याची नजर टेबलावर होती. मी टिळा तळहाताकडे केला आणि बॉल त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो तसाच खाली मांडला. टिळा खाली.

“आठ,” मी म्हणालो. “अकरा.” “चौदा.”

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. आजवर मी पुष्कळ गोष्टी वर्णन करून पैसे मिळवले आहेत, पण ही जमत नाही. तांबडा बॉल जणू एका दोरीला बांधलेला होता आणि दोरीचं टोक रणवरेच्या करंगळीला होतं. तो वर जायचा, काठाला लागायचा, परत येऊन त्याच चार बोटं जागेत उभा राहायचा. पांढरा त्याला बाजूनं शिवून जाळीत जायचा. इतक्या हळू, की मला हात जाळीखाली धरायला वेळ मिळायचा. आवाज नव्हताच. एक टिचकी, मग कापडावरून जाणारी सरसर, मग जाळीची दोरी ताणल्याचा बारीक आवाज. मग मी.

“बत्तीस.”

एरवी ही मंडळी टेबलाला खेटून, काठावर कोपर टेकून उभी असत. रणवरेनं दहा वेळा हटकल्याशिवाय हलत नसत. त्या दिवशी मी पाहिलं तर सगळे मागे सरकून भिंतीला लागले होते. बेहेरे एका पायावर उभा होता आणि दुसरा खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं. मुल्ला तर खिडकीतल्या व्हॉलीबॉलकडे तोंड करून उभा राहिला होता. हरणाऱ्या माणसाला बघवत नसेल, असं मला वाटलं. पाचची घंटा द्यायला निघालेले शिपाई लोखंडेतात्या दारात थबकले ते हातोडा हातात घेऊन तसेच राहिले. त्या दिवशी फिजिक्सचं प्रॅक्टिकल पंचवीस मिनिटं जास्त चाललं.

प्रत्येक वेळी बॉल माझ्या हातात यायचा, आणि प्रत्येक वेळी मी टिळा खाली करून द्यायचो. हाताला आता तो न बघता सापडत होता.

“चौसष्ट.” “सहासष्ट.”

मग माझी चुकण्याची जागा आली.

“एकोणसत्तर,” मी म्हणालो. बरोबर म्हणालो. बेहेरेनं डोळे मिटून घेतले.

दारावर एक पिवळी पाटी होती : ‘सर्वोच्च ब्रेक ९६, मा. के. इनामदार, १९५८’. ब्रेक म्हणजे न हुकता सलग केलेले गुण. तीस वर्षं ती पाटी बदलली नव्हती. हे इनामदार कोण, कुठे गेले, कोणाला ठाऊक नव्हतं. देवळातल्या दात्याच्या फरशीसारखं ते नाव रोज पायाखालून जावं तसं डोळ्यांखालून जायचं. ऐंशीच्या पुढे आकडा गेला तेव्हा बेहेरे न बोलता बाहेर गेला आणि ड्रॉइंगच्या खोलीतून काळ्या रंगाचा डबा आणि बारीक कुंचला घेऊन आला. दारात उभ्या तात्यांना त्यानं बाजूला सरकवलं तेव्हा दोघांपैकी कोणी ‘सरक’ किंवा ‘अरे’ असं काहीच म्हटलं नाही.

“त्र्याण्णव.”

“शहाण्णव.”

रणवरेला आकडा ऐकू आला की नाही, कोण जाणे. तो टेबलाला वळसा घालून गेला, वाकला, आणि त्याच्या बॉलनं आधी तांबड्याला आणि मग दुसऱ्या पांढऱ्याला इतका हलका स्पर्श केला, की झाला की नाही याचा निर्णय मलाच द्यायचा होता. झाला होता.

“अठ्ठ्याण्णव.”

पुढचा हुकला. केसभर. बॉल जाळीच्या ओठावर थांबला आणि पडला नाही.

रणवरे सरळ उभा राहिला. शर्टाची पाठ ओली होती. त्यानं पहिल्यांदाच खोलीकडे बघितलं, जणू कोणी इतकी माणसं आत सोडली असं. बेहेरेनं डब्याचं झाकण उघडलं. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मार्करनं एकूण गुण सांगेपर्यंत पाळी संपत नाही.

मी फळीपाशी गेलो. रणवरेचा पितळी काटा एकेचाळिसावर होता. तो धरला. एकशे एकोणचाळीसपर्यंत न्यायचा होता. एक दिवस उरला होता माझा. काटा गुळगुळीत होता, नुसतं बोट लावलं असतं तरी सरकला असता. मी तो सोडला, मुल्लाचा काटा धरला आणि दोन घरं पुढे नेला.

“एकेचाळीस,” मी म्हणालो. “पासष्ट.”

“काय बोलतोय हा?” बेहेरे म्हणाला.

“एकशे एकोणचाळीस म्हणायचंय त्याला,” मुल्ला घाईघाईनं म्हणाला. “ते एकोण आलं की तो असाच...”

“परत सांग,” रणवरे म्हणाला.

“एकेचाळीस. पासष्ट.”

रणवरे फळीकडे बघत राहिला. “त्रेसष्टाचे पासष्ट,” तो स्वतःशी म्हणाला. मग टेबलापाशी गेला, ओठावरचा बॉल उचलला आणि खिडकीच्या उजेडात नेला. बाजारात लिंबू बघतात तसा अंगठ्यानं फिरवला. एकदा. मग उलटा एकदा.



“कधी दिसला?” त्यानं विचारलं.

मी गप्प.

“बोल. परवानगी आहे.”

“दुसऱ्या स्ट्रोकला.”

“आणि मग?”

“टिळा खाली करून देत होतो.”

त्यानं बॉल मुठीत धरला. मला वाटलं, आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“का?”

“मार्करनं आकड्याशिवाय बोलायचं नाही म्हणून,” मी म्हणालो. हे खोटं होतं आणि ते त्याला कळलं. मी खाली बघितलं. “तुम्ही थांबाल म्हणून.”

“आणि आत्ता बोललास ते?”

“आकडाच बोललो.”

मुल्लाला खोकला आला.

“किती स्ट्रोक झाले?” रणवरेनं विचारलं.

“चौतीस.”

“चौतीस वेळा चुकीचा आकडा सांगितलास.”

“बत्तीस. पहिल्या दोन वेळी मला ठाऊक नव्हतं.”

“बत्तीस,” त्यानं मान्य केलं. “आज तुझा कितवा दिवस?”

“एकोणतिसावा.”

“होता,” रणवरे म्हणाला.

मग तो बेहेरेकडे वळला आणि हात पुढे केला. बेहेरेला काय करावं कळेना, म्हणून त्यानं कुंचला दिला. मला वाटलं, तो पाटीकडे जाईल. सगळ्यांनाच वाटलं असणार, कारण बेहेरेनं दारासमोरची जागा मोकळी करून दिली. रणवरे टेबलाच्या काठावर बसला. एरवी कोणाला बसू देत नसे. त्यानं बॉल गुडघ्यावर धरला, कुंचल्याचं टोक डब्यात बुडवून कडेला निथळवलं, श्वास रोखला आणि त्या मोहरीएवढ्या राखाडी ठिपक्यावर ठसठशीत काळा टिळा काढला. स्ट्रोक मारताना वाकायचा तितक्याच लक्षानं. तितक्याच हळू.

“वाळायला वेळ लागेल,” तो बॉल खिडकीत व्हॉलीबॉलच्या शेजारी ठेवत म्हणाला. “बाकीचा डाव उद्या. पासष्ट–एकेचाळीस. मुल्ला, स्ट्रोक तुझा.” मग माझ्याकडे न बघता : “उद्या पहिला दिवस. चारला ये.”

लोखंडेतात्यांना तेव्हा घंटा आठवली.

दुसऱ्या दिवशी मी चारला गेलो. मुल्ला तो डाव जिंकला. रणवरे हरला आणि त्यानं मुल्लाशी हात मिळवला, नेहमीसारखा, ना जास्त ना कमी. आठवड्यानं परीक्षा लागली आणि तो गेला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये माझे तीस दिवस भरले. तोवर सेक्रेटरी मुल्ला झाला होता आणि त्यानं मला दोन आकडे माफ करायची तयारी दाखवली होती. ती सवलत मी घेतली नाही, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण अशी उदाहरणं पुढे माझ्या चरित्रात फार नाहीत. पुढे मी पुष्कळ समित्यांवर बसलो, आणि टिळा खाली करून पुष्कळ गोष्टी लोकांच्या हातात दिल्या. पाचव्या खुंटीवरचा क्यू मात्र मला मिळाला. त्या क्यूनं माझा सर्वोच्च ब्रेक एकवीस.

गेल्या डिसेंबरात कॉलेजनं जिमखान्याचं नूतनीकरण केलं आणि जुन्या सभासदांना बोलावलं. आलो आम्ही दोघंच. मुल्ला आता निवृत्त, दाढी पांढरी, हसणं तेच. टेबलाला नवं कापड होतं. नव्या संचात दुसरा पांढरा बॉल पिवळा असतो. चूक करायची सोयच ठेवलेली नाही. दारावरची पाटी पुन्हा रंगवली होती : ‘सर्वोच्च ब्रेक ९६, मा. के. इनामदार’. जुने बॉल एका काचेच्या कपाटात होते, हवा गेलेल्या एका व्हॉलीबॉलशेजारी. मुल्लानं शिपायाकडून किल्ली मागून घेतली.

“मार्कर,” तो म्हणाला. छत्तीस वर्षांनीही त्याला माझं नाव आठवत नव्हतं किंवा वापरायचं नव्हतं. “तू त्या दिवशी दुसऱ्या स्ट्रोकला बघितलंस, नाही का?”

“हो.”

“मी पहिल्याच्या आधी. तो वाकला तेव्हाच.”

“आधी?” मी म्हणालो.

“माझा बॉल होता मर्दा. माझा बॉल मी ओळखणार नाही?”

“मग बोलला का नाहीस? जिंकत होतास.”

“वाईट खेळला असता तर लगेच बोललो असतो,” मुल्ला म्हणाला.

त्यानं टिळ्याचा बॉल नव्या कापडावर ठेवला. “बेहेरेला दहाव्याच्या आसपास कळलं. मला नंतर म्हणाला. बाकीच्यांनाही. एकेक जण मागे सरकला तो काय उगाच? जवळ उभं राहिलं की दिसणार, दिसलं की सांगावं लागणार.”

“सगळ्यांना माहीत होतं?”

“घंटेवाल्या तात्याचं सांगता येत नाही.”

“आणि रणवरेला?”

मुल्लानं दाढीवरून हात फिरवला. “त्याला नव्हतं. असतं तर पहिल्या स्ट्रोकलाच उठला असता.”

रणवरे नाशकात असतो. नातीला कॅरम शिकवतो, असं मुल्लाकडून कळलं. कॅरममध्येही स्वतःची चूक स्वतःच सांगतो आणि ती पोरगी रोज जिंकते.

“त्याला कळवायचं का हे?” मी विचारलं.

“काय कळवणार? आयुष्यात त्याला एकच मार्कर खोटा भेटला, असं समजून बसलाय बिचारा. आता या वयात आणखी सात नको देऊस.”

मी बॉलला बोटानं हलकं ढकललं. रणवरेनं रंग जरा जाड लावला होता. त्यामुळे तो बॉल पहिल्या दिवसापासूनच टिळ्यावर आला की किंचित अडखळायचा. आम्ही त्या बॉलनं आणखी किती वर्षं खेळलो, त्यापायी किती सोपे स्ट्रोक हुकले, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकानं विचारलं की हा घासून काढत का नाही. कोणी काढला नाही.

बॉल नव्या कापडावरून निघाला, सरसर गेला, मध्यावर टिळा खाली आला तिथे क्षणभर थबकला, आणि मग पुढे गेला.